तुकाईच्या नावापुढची खूण

"ताई, वाचत काय बसता? शेवटच्या पानावर एक सही, बास," असं म्हणून सुदर्शनने पेनाचं टोपण काढलं आणि पेन साखरबाईपुढे धरलं.

साखरबाईने पेन घेतलं नाही. तिच्या हाताला बाजरीचं पीठ होतं. तिने दोन्ही हात पदराच्या टोकाला पुसले, चष्मा नाकावर सरकवला आणि कागदांचं पहिलं पान उघडलं.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. तिला उपास होता. सकाळी घट मांडून, कहाणी वाचून ती गिरणीत आली होती. न्हावऱ्यातली तिची ही पिठाची गिरणी गुरुवारी दुपारी अडीच ते तीन बंद असते हे लहान पोरालाही ठाऊक. त्या अर्ध्या तासात 'जनस्वर' या सरकारी रेडिओवर 'दुपारची सावली' लागायची. दळणाचे डबे रांगेत ठेवून बायका रिकाम्या पोत्यांवर बसत आणि ऐकत. कुणाची म्हैस आटली, कुणाचं नाव सातबाऱ्यावर लागेना, कुणाच्या लेकीच्या अंगात रक्त नाही, असले प्रश्न साखरबाई कार्डावर लिहून पाठवायची, आणि महिन्या-दीड महिन्याने रेडिओतल्या बाई नाव घेऊन उत्तर द्यायच्या: "न्हावऱ्याच्या साखरबाई विचारतात." नाव तिचं, प्रश्न मात्र सगळ्या गावाचे.

चार वर्षांमागे असाच एक प्रश्न गेला होता. बाळंतपणानंतर एका सुनेला दिवसदिवस रडू येतं, पोराला जवळ घ्यावंसं वाटत नाही, घरचे म्हणतात बाहेरचं काही झालंय, तर काय करावं? रेडिओतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आजार आहे, याला औषध आहे, शिरूरला ग्रामीण रुग्णालयात दाखवा. ती सून म्हणजे शितल. आज ती दोन लेकरांची आई होती, आणि आता डब्यांच्या रांगेत उभी राहून सुदर्शनकडे बघत होती. तो प्रश्न तिचा होता हे साखरबाईशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

"कशाची सही म्हनलास?" साखरबाईने विचारलं.

"अहो, दिल्लीहून संसदेची समिती आलीय. रेडिओनं जाहिरातीवर, प्रचारावर येवढा खर्च केला तो कुठं केला, ते इचारत्यात. मंगळवारी दौंडच्या विश्रामगृहावर बसणारेत. दौंडला मेळावा झाला, आम्ही गेलो होतो, येवढंच लिहून द्यायचं."

"कसला मेळावा?"

"फेब्रुवारीतला. महिला श्रोता मेळावा."

"दौंडला जाऊन मला चार वर्सं झाली, सुदर्शन. नणंदेच्या पोराच्या लग्नाला गेले हुते, तीच."

सुदर्शन हसला. सात वर्षांपूर्वी रेकॉर्डर गळ्यात अडकवून तो पहिल्यांदा गिरणीच्या दारात उभा राहिला तेव्हाही असाच हसला होता. 'जनस्वर'च्या केंद्रावर तो कंत्राटी समन्वयक. शिरूरला भाड्याच्या खोलीत राहायचा, आई-बाप लहानपणीच गेलेले. त्या वर्षीच्या भाऊबीजेला साखरबाईने त्याला ओवाळलं, आणि मग दर वर्षी. त्याच्या बायकोच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू करून पाठवले ते हिनेच. पाठचा भाऊ नव्हता तिला. देवाने उशिरा दिला, असं ती म्हणायची.

ती एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचू लागली. पानावर रकाने होते. अनुक्रमांक, नाव, गाव, हजेरी, जेवण.

पहिल्या ओळीवरच तिचं बोट थांबलं.

*१. तुकाईआई. न्हावरे. हजर.* आणि जेवणाच्या रकान्यात बरोबरची खूण.

खालची ओळ होती, *२. रंगुबाई. न्हावरे. हजर.* तीही जेवली होती.

साखरबाईने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. अक्षरं तीच राहिली.

तिच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू मोठं असे. वाण म्हणून ती दर वर्षी पिठाची चाळण द्यायची. कुणाचं घर चुकू नये, आजारी, बाळंतीण कुणी राहू नये, म्हणून ती वही ठेवायची. वाण पोचलं की नाव लिहायचं. वहीत पहिलं नाव तुकाईचं, कारण पहिली ओटी गावदेवीच्या देवळात जाते. दुसरं नाव सासूबाईंचं, रंगुबाईंचं. त्या अहेवपणी गेल्या त्याला अकरा वर्षं झाली. त्यांच्या नावाचं वाण एका सवाष्णीला दिलं जातं. सासूने घालून दिलेली रीत, ती साखरबाईने कधी मोडली नव्हती. यंदाच्या संक्रांतीला सुदर्शन आला होता. तिळगूळ खाल्ला, आणि म्हणाला, "ताई, वहीचे फोटो काढू का? केंद्रातर्फे सगळ्या श्रोत्या बहिणींना शुभेच्छापत्रं पाठवायचीत." तिने स्वतःच्या हाताने एकेक पान उलटून त्याच्यापुढे धरलं होतं. पुढे होळीपर्यंत बायका विचारत राहिल्या, "आक्का, पत्र कवा यायचं?"

"सुदर्शन," ती हळू आवाजात म्हणाली, "ही पयली कोन रं?"

त्याने वाकून पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. हे त्याच्याही ध्यानात आलं नव्हतं हे उघड दिसत होतं. फोटो त्याने पुढे पाठवले होते, टंकायचं काम तिकडे कुणीतरी केलं होतं.

"टायपिंगमधी झालं असंल," तो पुटपुटला.

"देवीला जेवू घातलंत व्हय तुमी दौंडला?" मागून तुळजाबाई म्हणाली. ती साखरबाईची शेजारीण, जिभेला हाड नसलेली. "आन् रंगुआत्याबी जेवून आल्या. हयात असताना दुसऱ्याच्या हातचं पानी घेतलं न्हाई म्हातारीनं!"

बायका हसल्या. साखरबाई हसली नाही.

सीमाने पुढे होऊन पानं हातात घेतली. ती गावातली आशा सेविका. बौद्धवाड्यातलं घर तिचं. ती हळदीकुंकवाला येत नसे आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे, पण सात वर्षांत तिचा एक गुरुवार चुकला नव्हता. अर्ध्याहून अधिक कार्डं तिच्याच हातची असत. तिने पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली.

"भाऊ, माझं नाव कितव्या नंबरला हाय?" तिने विचारलं.

सुदर्शन पेनाला टोपण लावू लागला.

"ज्यांनी रेडिओ कवा कानाला लावला न्हाई त्या समद्या श्रोत्या झाल्या. आन् मी न्हाईच."

"सीमाताई, तसं न्हाई हो." सुदर्शन साखरबाईकडे वळला. त्याचा आवाज खाली आला. "ताई, साहेबांनी सांगितलं तसं केलं मी. मेळाव्याचं मंगल कार्यालय ठरलं हुतं, मग मेळावा झालाच न्हाई. पर खर्चाचे कागद पुढं गेलेले. आता खोटं ठरलं तर पयला घाव ह्या कार्यक्रमावर. 'दुपारची सावली' बंद करतील. माझं ऱ्हाऊ द्या, तुमचं बघा."

शितलने हातातला डबा खाली ठेवला.

"मग कर की सही," अखेर तुळजाबाईच म्हणाली. "आपल्या घरातलं काय जातंय? मागल्या गुरुवारी तेच ते डॉक्टर, तेच ते जंतांचं औषिद. मी म्हनलं, ह्ये मागं ऐकलंय. पर चालू हाय ह्ये काय कमी हाय?"

साखरबाईने कागद नीट घडी करून सुदर्शनच्या हातात ठेवले.

"आज गुरुवार हाय. आज मी कशावर सही करत न्हाई. मंगळवारी येते दौंडला. जे इचारतील ते तितंच सांगीन."

त्याने सुटकेचा श्वास टाकला. ताई येते म्हणाली म्हणजे झालंच, असं त्याला वाटलं. निघताना त्याने नेहमीसारखं गिरणीमागच्या घरात जाऊन घटापुढे हात जोडले, आणि प्रसादाचं केळं खिशात घातलं.

मधले चार दिवस साखरबाईला जड गेले. तुळशीला पाणी घालून झाल्याशिवाय ती तोंड उघडत नसे. त्या दिवसांत पाणी घालून झाल्यावरही ती बोलेना. रविवारी शितल दळण घेऊन आली. डबा ठेवला आणि तिथेच घुटमळली.

"आक्का, कार्यक्रम बंद न्हाई ना व्हायचा?"

"का गं?"

"माज्या धाकट्या बहिनीचं इचारायचं हाय. तिचंबी तसंच व्हतंय. माज्यावानी." शितलने इकडेतिकडे पाहिलं. "तिचा नवरा ऐकत न्हाई. रेडिओवर सांगितलं तर ऐकंल. माज्या माणसानं तसंच ऐकलं हुतं."

"तिचं कार्ड आपन दोन महिन्यामागंच धाडलंय की."

"व्हय, पर उत्तर आलं न्हाई."

उत्तर आलं नव्हतं. सुदर्शन म्हणायचा, कार्डं फार येतात, नंबर लागेल. जुने भाग का लागतात असं विचारलं तर म्हणायचा, लोकांची मागणी हाय. आणि साखरबाईच बायकांना दटावायची की धीर धरा.

रात्री जेवताना तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. मारुतराव उभ्या आयुष्यात मोजकं बोललेला माणूस. त्याने भाकरीचा तुकडा मोडला.

"तुला खोटं बोलायला जमंल का?"

"शितलीच्या बहिनीसाठी बोलावं वाटतं."

"आन् देवळात मंग काय सांगशील?"

तिने त्याच्या ताटात भाजी वाढली. त्यानेही पुन्हा विचारलं नाही. सोमवारी संध्याकाळी ती तुकाईच्या देवळात गेली, कौल लावायचा विचार मनात येत होता, पण लावला नाही. आपल्या जिभेचं ओझं देवीवर कशाला, असं म्हणून ती नुसती पायरीवर बसली आणि दिवा शांत होत आल्यावर उठली.

मंगळवारी सीमा बरोबर निघाली. "तुमी एकट्या नगा जाऊ. माझं नाव न्हाई यादीत, म्हंजी मला कुनी अडवायचं न्हाई," ती म्हणाली. चौफुल्याला एसटी बदलून, पाटसवरून त्या दौंडला उतरल्या. स्टँडवरून चालत निघाल्या तोच सीमाने तिचा दंड धरला.

"आक्का, वर बघा."

रस्त्याकडेला मोठा फलक होता. त्यावर साखरबाई. पदर डोक्यावर, कानाशी रेडिओ, आणि तोंडभर हसू. खाली लिहिलं होतं: *दुपारची सावली. दर गुरुवारी नवे प्रश्न, नवी उत्तरं.* हा फोटो सुदर्शनने दोन वर्षांपूर्वी, आठवण म्हणून, असं सांगून काढला होता.

"येवढी गोरी तर मी लग्नातबी नव्हते," साखरबाई म्हणाली.

सीमाला हसू आलं, पण साखरबाईचा चेहरा पाहून तिने ते गिळलं.

विश्रामगृहाच्या आवारात गाड्या उभ्या होत्या. आतल्या खोलीत लांब टेबल होतं. पलीकडे समितीचे दोन खासदार, त्यातल्या एक पिकल्या केसांच्या बाई, हिंदी बोलणाऱ्या. त्यांच्याशेजारी राजनंदिनी नावाची समितीच्या कार्यालयातली तरुण मुलगी, मराठीतून सांगायला. अलीकडच्या बाजूला 'जनस्वर'चे साहेब, आणि भिंतीशी सुदर्शन. त्याने साखरबाईला डोळ्यांनीच नमस्कार केला.

खासदारबाईंनी यादी पुढे सरकवली. "माताजी, आप इस मेले में आयी थीं?"

राजनंदिनीने मराठी करायच्या आत साखरबाईला समजलं होतं. तिने एकदा सुदर्शनकडे पाहिलं. मग शितलच्या बहिणीचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला, पण तिला ती कधी भेटलीच नव्हती.

"न्हाई," ती म्हणाली.

साहेबांनी घसा खाकरला.

"मी आले नव्हते. ह्यातलं न्हावऱ्याचं कुनीच आलं नव्हतं. ही माज्या हळदीकुंकवाची वही हाय. कुनाला वान पोचलं ते लिवलेलं हाय त्यात."

राजनंदिनी सांगत गेली. खासदारबाईंनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "ये तुकाईआई कौन हैं? इनका बयान हो सकता है?"

"ती आमची गावदेवी हाय," साखरबाई म्हणाली. "ती देऊळ सोडून कुटं जात न्हाई."

राजनंदिनीने ते सांगताना आवाज सावरला, पण दुसऱ्या खासदारांना हसू फुटलंच. टेबलाच्या टोकाला बसलेला एक कारकूनही हसला. साखरबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आपल्या हाताने लिहिलेलं देवीचं नाव परक्या माणसांत हसण्यावारी गेलं, आणि ते आपणच पान उलटून उलटून दाखवलं होतं, असं तिच्या मनात आलं.

"दुसरी माजी सासू हाय," ती तेवढंच म्हणाली. "त्या वारल्यात."

मग कुणी हसलं नाही. खासदारबाईंनी काहीतरी लिहून घेतलं आणि मान हलवली, म्हणजे जायला हरकत नाही. साखरबाई उठली नाही.

"एक इनंती हाय," ती हात जोडून म्हणाली. "चूक मानसांची झाली. कार्यक्रमानं काय केलं न्हाई. त्यो बंद करू नका. आमच्याकडं एका पोरीचा जीव वाचलाय त्याच्यापायी. आनखी एकीचा प्रश्न अजून ऱ्हायलाय."

राजनंदिनीने सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. खासदारबाईंच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी समोरच्या फाइलीतली पानं उलटली, एका पानावर थांबल्या आणि साहेबांकडे वळल्या. "ये प्रोग्राम? इसकी रेकॉर्डिंग तो बंद है ना?"

साहेब सावरून बसले. "फंड की कमी है, मॅडम. डेढ़ साल से. पुराने एपिसोड रिपीट हो रहे हैं."

"और इसका प्रचार?"

साहेबांनी इंग्रजीत आकडा सांगितला. साखरबाईला आकडा कळला नाही. डेढ़ साल कळलं. तरीही तिने राजनंदिनीकडे पाहिलं, कदाचित आपल्याला हिंदी नीट येत नसेल या आशेने. राजनंदिनीने मान खाली घातली आणि हळू म्हणाली, "मावशी, दीड वर्षापासून नवीन कार्यक्रम होतच नाही. जुनेच लावतात. जाहिरात फक्त नवीन केली."

"मंग आमची कार्डं?"

हे कुणाला विचारलं ते तिलाही सांगता आलं नसतं. पण खोलीतले सगळे सुदर्शनकडे बघू लागले.

"हाफिसात हायत," तो भिंतीला टेकून म्हणाला. "कपाटात ठेवलीत."

"वाचली?"

त्याने खिशातलं पेन काढलं आणि पुन्हा खिशात ठेवलं.

साखरबाई उठली. दारापर्यंत गेली आणि परत फिरली. यादीकडे बोट करून म्हणाली, "बाई, तेवढं देवीचं नाव खोडा. तिला ह्यात नका ठिवू."

खासदारबाई उभ्या राहिल्या. आवाज मऊ झाला होता त्यांचा, पण त्यांनी नकारार्थी मान हलवली. राजनंदिनीने सांगितलं, "नाही खोडता येणार, मावशी. तोच पुरावा आहे. समितीच्या कागदांत तसंच राहणार."

बाहेर ऊन कडक झालं होतं. दोघी स्टँडवर येऊन बाकावर बसल्या. चौफुल्याची गाडी लागायला वीस मिनिटं होती. सीमाने पाण्याची बाटली पुढे केली. साखरबाई घोटभर पाणी प्यायली आणि तिने बाटली परत दिली.

"शितलीच्या बहिनीचं गाव कुठलं?" तिने विचारलं.

"आलेगाव पागा."

"उद्या जाऊ आपन. तू संगं चल. तिच्या नवऱ्याशी तू बोल, तुला दवाखान्यातलं कळतं. मी बसंन बाजूला."

"बरं, आक्का."

तेवढ्यात सुदर्शन आला. साहेबांची गाडी सोडून चालत आला होता, घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. बाकापासून दोन हातांवर थांबला.

"ताई, मी सांगणार हुतो."

"कवा?"

"दर गुरुवारी निघताना ठरवायचो की आज सांगतो. दारातनं बघायचो तर तुमी समद्या बसलेल्या असायच्या, गिरणीचा पट्टा काढून, कानात जीव आणून. जीभ उचलायची न्हाई."

साखरबाई समोरच्या फलाटावर उभ्या असलेल्या गाडीची पाटी वाचत राहिली. करमाळ्याची गाडी होती.

"माजं कंत्राट आता ऱ्हात न्हाई," तो म्हणाला. "त्याचं न्हाई काही. तुमी बोलला ते बरोबर बोलला. फकस्त तुमी काहीतरी म्हना, ताई. शिव्या द्या."

तिने आयुष्यात कुणाला शिवी दिली नव्हती. आता शोधूनही तिला एखादी सापडली नसती. चौफुल्याची गाडी फलाटाला लागली, वाहकाने घंटी वाजवली, सीमा पिशवी उचलून उभी राहिली. सुदर्शन पुढे आला आणि दर भाऊबीजेला वाकायचा तसा तिच्या पायांशी वाकला.

वाकलेल्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवल्यावाचून साखरबाई कधी राहिली नव्हती. पाया पडणारा पाहुणा असो, भांडून आलेली शेजारीण असो, गिरणीत भुकेने आलेला परका माणूस असो, तिचा हात आपोआप उचलला जायचा. आजही तो मांडीवरून बोटभर उचलला गेला.

मग तिने दोन्ही पाय सावकाश मागे, बाकाखाली घेतले आणि त्यांवर लुगड्याचा काठ ओढला. सुदर्शनचे हात फरशीवर टेकले.